फ्लॉपी काढण्याआधी

हिंगणघाटचं दुकान बंद करून मला आता दोन वर्षं होतील. तरी लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर कोणी ना कोणी गाठतंच. "गुल्हाने भाऊ, कम्प्युटर लय हळू चालून राह्यला, काय करू?" पूर्वी मी दहा प्रश्न विचारायचो, वेळ पडली तर ताटावरून उठून बघायला जायचो. आता म्हणतो, "बदलून टाका." लोकांना वाटतं, भाऊ चढेल झाले. चढेल वगैरे काही नाही, मी कंटाळलो आहे. जुने काचेचे जड मॉनिटर जिन्यांवरून चढवून उजवा खांदा कामातून गेला, आणि तीच ती गोष्ट समजावून जीभही थकली.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं बरं वाटतं." मी म्हटलं, गमती लिहितो, पण एक गोष्ट गमतीची नाही, ती लिहू देणार असाल तरच बाकीचं लिहीन. ते लिहा म्हणाले. तेव्हा आता जे येईल ते वाचा.

आधी धंदा सांगतो. नव्वदच्या सुमारास आमच्या भागात जिनिंगवाले, अडते, शाळा-कॉलेजं यांच्याकडे एकेक करून कॉम्प्युटर यायला लागले. ते जोडायचे, चालू करून द्यायचे, शिकवायचे आणि बिघडले की धावत जायचं, हे माझं काम. यातलं जोडणं सगळ्यात सोपं. अवघड होतं ते ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रकरण. कॉम्प्युटर चालू केल्यावर पडद्यावर जी मांडणी तुमच्यासमोर येते ती ऑपरेटिंग सिस्टिम. फाईल कुठे ठेवायची, कशी उघडायची, कशी पुसायची, मशीन बंद कसं करायचं, हे सगळं ती ठरवते. ती बदलली की घर तेच असतं, पण सासू नवी येते. डाळ शिजवता येत असली तरी डबा कुठे आहे ते पुन्हा विचारावं लागतं.

माझ्या हयातीत अशा तीन सासवा आल्या. पहिली डॉस. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि तुम्ही इंग्रजीत हुकूम टाइप करायचा. एक अक्षर चुकलं तर ती ऐकणार नाही, आणि बरोबर असलं तर काहीही न विचारता करून मोकळी होणार. पुसून टाक म्हटलं की पुसलं. दुसरी विंडोज. हिच्यात सगळी चित्रं. माऊसने बाण न्यायचा आणि चित्रावर दोनदा टकटक करायचं. ही वारंवार विचारायची, नक्की पुसू का, खरंच पुसू का. तिसरी लिनक्स, तिच्याकडे नंतर येतो.

जाम चौरस्त्याजवळ गुरांना घालायच्या सरकी-ढेपेचे एक मोठे व्यापारी होते. त्यांचे मुनीमजी साठीला आलेले, धोतर-टोपीतले, आणि डॉसवर त्यांचा असा हात बसला होता की पडद्याकडे न बघता, गिऱ्हाइकाशी बोलत बोलत ते बिल काढायचे. कोणती कळ कितव्यांदा दाबायची हे त्यांच्या बोटांना पाठ. मालकाच्या पोराने पुण्याहून येऊन दुकानात विंडोज बसवायला लावलं. मी बसवलं. मुनीमजींच्या हातात माऊस दिला तर त्यांनी तो तळहातावर घेऊन उलटा करून पाहिला आणि बाजूला ठेवला. तरी माणूस जिद्दीचा. महिनाभरात शिकले. एकच गोष्ट त्यांना शेवटपर्यंत पटली नाही.

"भाऊ, बंद कराले स्टार्ट काऊन दाबा लागते?"

"त्यांनी तसं ठेवलंय, मुनीमजी."

"मंग चालू कराले काय दाबाचं?"

मी चहा पिऊन उठलो.

एकदा त्यांच्याकडे दुसऱ्या कामाला गेलो असता पडद्यावर चित्रांचा नुसता पसारा दिसला. मला वाटलं, म्हातारा माणूस, जरा नीट लावून देऊ. सगळी चित्रं नावाच्या क्रमाने रांगेत लावली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत फोन.

"गुल्हाने भाऊ, माई फाईल कोनं हलोली?"

"कोणी नाही हलवली, तिथंच आहे."

"तिथं नाई न बाप्पा! डाव्या बाजूनं तिसरी, वरून दुसरी. आता दाबली त पत्ते निंगाले. मालक माया मागं उभे, समोर गिऱ्हाइक, आन पडद्यावर पत्ते!"

त्या जागी आता पत्त्यांच्या खेळाचं चित्र आलं होतं. मुनीमजींनी कधी चित्र ओळखलंच नव्हतं, खालचं नावही वाचलं नव्हतं. त्यांनी जागा पाठ केली होती. अंधारात आपण घरातल्या दिव्याचं बटण शोधतो, तसं. मी जामला जाऊन सगळी चित्रं होती तशी विस्कटून आलो. तिथून मी एक गोष्ट शिकलो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. माणूस यंत्र डोक्याने वापरत नाही, हाताने वापरतो. यंत्र बदलताना त्याच्या हाताला काय सवय आहे ते आधी पाहावं. मी हे चार लोकांत सांगायचोही, आणि लोक मान हलवायचे. पण शिकलो होतो म्हणणं वेगळं आणि वेळेवर ते आठवणं वेगळं.

आता तिसरीकडे येतो.

दोन हजार सालानंतर व्हायरसचा सुळसुळाट झाला. एका फ्लॉपीतून दुसरीत, एका शाळेतून दुसरीत. नव्या वाचकांसाठी सांगतो, फ्लॉपी म्हणजे तळहातात मावेल अशी प्लॅस्टिकची चौकोनी चपटी डबी. कॉम्प्युटरच्या फटीत घालायची, तिच्यात फाईल टाकायची, बटण दाबून बाहेर काढायची आणि पिशवीतून पाहिजे तिथे न्यायची. त्याच सुमारास लिनक्सचा बोलबाला सुरू झाला. फुकट आहे, व्हायरस लागत नाही, चोरीची कॉपी वापरल्याची धास्ती नाही. आमच्या तालुक्यांत पाच-सहा शाळा चालवणाऱ्या एका संस्थेचे सचिव होते. त्यांच्या बैठकीत बसून मी लिनक्सचं भरभरून कौतुक केलं. ते म्हणाले, "एका शाळेत लावून दाखवा. जमलं तर सगळ्या शाळा तुमच्याकडे." मला रात्री झोप लागली नाही इतका आनंद झाला. ती एक शाळा म्हणजे गिरडच्या रस्त्यावरची मुलींची शाळा, आणि तिथला कॉम्प्युटर चालवायच्या त्या उईके मॅडम.

उईके मॅडम कारकून. सात वर्षं हंगामी. दर जूनमध्ये नवी ऑर्डर, दर एप्रिलमध्ये धाकधूक. आई आणि त्या, दोघीच जवळच्या गावात राहायच्या. घरात गोंडी बोलायच्या, शाळेत आमच्यासारखंच वऱ्हाडी. त्या वर्षी त्यांना कायम करायचा प्रस्ताव सचिवांच्या टेबलावर होता आणि तो मंजुरीसाठी वर्ध्याला जायचा होता. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, अगदी हळू आवाजात, जणू मोठ्याने बोललं तर बिघडेल.

त्यांचं काम मी पाहिलेलं होतं. विंडोज त्यांना मीच शिकवलं होतं आणि माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत त्या पक्क्या. कारण त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक कामाचं एक पान, दोनशेपानी वहीत, आकडे घालून. एक, असं करणे. दोन, तसं करणे. वही समोर उघडी ठेवून, बोट फिरवत फिरवत काम. वहीत नाही ते करायचं नाही आणि वहीत आहे ते चुकवायचं नाही.

लिनक्स लावल्यावर पूर्ण दिवस मी त्यांच्याजवळ बसलो. नवी वही काढली. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. इथे एकदाच टकटक पुरे, दोनदा केलं तर फाईल दोनदा उघडते. इथे मोठं अक्षर आणि छोटं अक्षर वेगळं धरतात, नाव जपून द्या. सी ड्राइव्ह नाही, घराचं चित्र आहे, त्यात आपलं सगळं.

"मंग फ्लॉपी कुठं दिसन?"

"हे फ्लॉपीचं चित्र. एकदा दाबा. उघडलं? आता यादीची फाईल ओढून यात टाका. नाव दिसलं?"

"दिसलं."

"झालं तर."

त्यांनी लिहिलं. फ्लॉपीचं पान. तीन ओळी. बाहेर सावल्या लांबल्या होत्या, मला हिंगणघाटची बस पकडायची होती. मी उठलो.

लिनक्समध्ये त्या काळी एक चौथी पायरी असायची. फाईल फ्लॉपीत टाकली की नाव तर लगेच दिसायचं, पण फाईल खरोखर फ्लॉपीवर उतरलेली असेलच असं नाही. ती मशीनच्या डोक्यात थांबलेली असायची, सवडीने उतरायची. म्हणून फ्लॉपी काढण्याआधी मशीनला सांगावं लागायचं, मी काढतोय, काय राहिलं असेल ते उतरव. त्याला अनमाउंट म्हणतात. ते केलं की दिवा लागायचा, घरघर व्हायची, आणि मग फ्लॉपी काढायची. विंडोजमध्ये असलं काही नाही. दिवा विझला की बटण दाबा आणि न्या. मॅडमच्या हाताला तीच सवय होती, आणि ती सवय लावणारा मीच होतो.

पंधरा दिवसांनी शिष्यवृत्तीच्या मुलींची यादी वर्ध्याच्या एका कार्यालयात फ्लॉपीवर द्यायची होती. शेवटचा दिवस. मॅडमनी आदल्या आठवडाभरात सगळी नावं भरली, सकाळी शेवटची दुरुस्ती केली, वही उघडून यादी फ्लॉपीत टाकली, नाव दिसलं, आणि बस येताना ऐकू आली तशी फ्लॉपी काढून पिशवीत घातली. दोन बस बदलून वर्ध्याला पोचल्या. तिथल्या बाबूने फ्लॉपी लावली.

"याच्यात काईच नाई, मॅडम."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. त्याने पुन्हा लावली. मागे रांगेत इतर शाळांचे कारकून उभे होते, त्यातले दोघे हसले. सोबत छापील यादी होती ती घेईनात, कागद आता चालत नाही म्हणाले. पुढे आठवड्याने विनवण्या करून यादी घेतली गेली, मुलींचं नुकसान टळलं. पण तोवर कुठल्याशा सभेत कोणीतरी सचिवांना म्हणालं होतं की तुमच्या शाळेतून रिकाम्या फ्लॉप्या येतात. सचिवांना ते फार लागलं.

मला बोलावणं आलं. मशीन तपासा आणि काय ते लेखी द्या. मी गेलो तेव्हा मॅडम खुर्चीच्या मागे उभ्या होत्या आणि सचिव त्यांच्या खुर्चीवर बसले होते.

"भाऊ, मी टाकली होती," मॅडम म्हणाल्या. "नाव दिसलं मले. उलट किती पटकन झालं म्हनून बरं वाटलं. दिवाबी नाई लागला."

दिवाही लागला नाही. मला त्याच क्षणी कळलं. मशीनला हात लावायचीही गरज नव्हती. तरी मी अर्धा तास मशीनवर खुडबुड केली.

मग मॅडमनी वही सचिवांपुढे ठेवली. फ्लॉपीचं पान. "हे पाहा साहेब, भाऊनं सांगतलं तसंच केलं. एकबी गोष्ट सोडली नाई."

सचिवांनी वाचलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "हे बरोबर आहे का, गुल्हाने?"

तीन ओळी होत्या. तिन्ही बरोबर. मला एवढंच म्हणायचं होतं, की बरोबर आहे पण अपुरं आहे, चौथी ओळ मी सांगायची विसरलो. हे बोलायला किती वेळ लागतो? पण समोर सचिव, त्यांच्या पाच-सहा शाळा, आणि त्यांच्या बैठकीत मी केलेलं कौतुक. लिनक्समध्ये अशी भानगड आहे म्हटलं असतं तर त्यांनी ते दुसऱ्या दिवशी काढून फेकलं असतं आणि सोबत मलाही.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"आणि मशीन?"

"मशीन चांगलं आहे."

"तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं. संगणक व फ्लॉपी ड्राइव्ह तपासली, दोन्ही सुस्थितीत आहेत, कोणताही दोष आढळला नाही. खाली सही, शिक्का. त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि मी आयुष्यात त्याहून खोटा कागद लिहिलेला नाही.

सचिव कागद घेऊन गेले. खोलीत आम्ही दोघं. मला वाटलं, निदान पुढे तरी असं होऊ नये. मी म्हणालो, "मॅडम, वहीत एक ओळ वाढवा. चार. फ्लॉपी काढण्याआधी चित्रावर उजवं बटण दाबून अनमाउंट करणे, दिवा विझेपर्यंत थांबणे."

त्यांनी पेन घेतलं. चार हा आकडा लिहिला. पुढे "फ्लॉपी काढण्याआधी" एवढं लिहून त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी वायर गुंडाळत होतो. मग त्यांनी राहिलेली ओळ पूर्ण केली, वही मिटली आणि म्हणाल्या, "चहा घेता काय, भाऊ?" मी नाही म्हणालो.

प्रस्ताव वर्ध्याला गेला नाही. पुढच्या जूनमध्ये ऑर्डरही आली नाही. संस्थेच्या शाळा मला मिळाल्या. दुसऱ्या शाळेपासून मी पहिली शिकवली ती फ्लॉपीची चौथी पायरी. कुठेही पुन्हा तसं झालं नाही, याचं सचिवांनी एकदा कौतुकही केलं. चार-पाच वर्षांत फ्लॉपीच गेली, पेन ड्राइव्ह आले, लिनक्सही कुठे राहिलं कुठे गेलं. माझं दुकानही मग मीच बंद केलं.

बंद केल्यावर मी मॅडमकडे गेलो. धंदाच उरला नाही तेव्हा खरं बोलायची हिंमत झाली, म्हणजे ती हिंमत नव्हेच, हे मला कळतं. त्यांनी गावात घराच्या पडवीत झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं होतं. मी त्या रस्त्याने आधीही गेलो होतो. पाटी दिसायची, आणि मी गाडी पुढे काढायचो. या वेळी थांबलो. त्यांनी स्टूल दिलं, पाणी दिलं. आई आत खाटेवर बसली होती, पार थकलेली.

मी सगळं सांगितलं. किती बोललो आठवत नाही. मधे गिऱ्हाइक आलं, त्यांनी त्याच्या दोन झेरॉक्स काढून दिल्या आणि पुन्हा बसल्या.

"मले मालूम होतं भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी चौथी ओळ सांगतली तवाच."

"मग तेव्हाच बोलल्या का नाहीत?"

"कोनाजवळ? तुमी लिहून देल्यावर माया कोन आयकते?"

मी म्हणालो, "आता लिहून देऊ?" म्हणताना मलाच लाज वाटली. आता त्या कागदाचा उपयोग काय? सचिव वारले होते, शाळेत तिसरा कारकून होता.

त्यांनी झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून कोरा कागद काढला आणि पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं, की यादी मॅडमनी फ्लॉपीत टाकली होती, मी शिकवलं तसंच त्यांनी केलं, शिकवण्यात पायरी सुटली ती माझी, आणि मी ते लपवलं. सही केली, तारीख टाकली.

"आजची नोका टाकू," त्या म्हणाल्या. "त्या दिवसाची टाका."

मला तो दिवस आठवेना. महिना आठवत होता, तोही अंदाजाने. त्यांनी क्षणभरही न थांबता तारीख सांगितली, वारासकट. मी खोडून ती घातली.

"याचं काय करणार तुम्ही?"

"मायले वाचून दाखोतो. थे अजून इचारते मले, तू खरंच लिहून नेलं होतं काय म्हनून."

कागद घेऊन त्या आत गेल्या आणि खाटेवर आईशेजारी बसल्या. एकेक ओळ मराठीत वाचत होत्या आणि गोंडीत सांगत होत्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, फक्त फ्लॉपी हा शब्द आणि माझं नाव. वाचून झालं. म्हातारीने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. मग दारातून माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

मॅडमनी आधी मान हलवली. सांगू नये असं त्यांना वाटलं असावं. मग सांगितलं.

"म्हनते, एवढंच लिवाचं होतं, त याले इतके वर्स काऊन लागले?"